तासाला पन्नास अंश

सोहारच्या रिफायनरीत, रात्रपाळीला,
माझं काम म्हणजे बसून राहणं.
जोड भरून झालेला असतो.
चार बोटं जाडीची नळी, तिच्याभोवती तापवायच्या पट्ट्या,
वरून पांढरं कांबळं,
बाळंतिणीला गुंडाळावं तसं घट्ट.
सहाशेच्या वर न्यायची, ठेवायची, मग उतरवायची
तासाला पन्नास अंश. त्याहून भरभर नाही.
कागदावर लाल शाईची सुई एक तिरकी रेघ ओढत राहते
आणि मी ती बघतो.
बायको फोनवर विचारते, याचा पगार देतात?

पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं.
शद्रखमामा फोरमन होते. नेवाशाचे,
नाव भट्टीतून धड बाहेर आलेल्याचं.
ते जेवायला गेले आणि मी तीन वाजताच कांबळं सोडलं.
डिसेंबर होता, समुद्राकडून वारा.
नळी धड दिसत होती. चकाकत होती.
फिल्म काढली तेव्हा आत भेग,
केसाएवढी.

मामा ओरडले नाहीत. "कापू," म्हणाले, "परत भरू."
चार रात्री माझ्याशेजारी उलट्या बादलीवर बसले.
"घाईचा जोड वरून निवतो रे,
आत तापलेलाच राहतो. तिथेच फुटतो."
एवढंच. वचन नाही, उपदेश नाही.
मग शेंगदाणे सोलत बसले.

माझा बाप उपासनेत पेटी वाजवायचा
आणि घरी आला की पट्टा काढायचा.
तो पट्टा कधीकधी माझ्या हातात येतो,
हातात काही नसतानाही.

इकडे रविवार शुक्रवारी येतो.
चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ मराठी माणसं,
चटईवर, मध्ये खजूर आणि थर्मास.
अकरा वर्षं मी एकच विनंती सांगतो
आणि एस्तेरबाई, दवाखान्यातून थेट आलेल्या,
सुजलेले पाय पसरून ती वहीत उतरवतात, तारीख घालून,
जणू पहिल्यांदाच ऐकतायत.
मागे एकदा चिडून म्हणालो, लिहू नका बाई, काही होत नाही.
त्यांनी पानं उलटून पहिली नोंद दाखवली:
"हाताखालच्या पोरांना अक्कल दे."
मधली कुठलीतरी: "मला राग येणार नाही असं कर."
परवाची: "मला."
पुढे मी काही बोललोच नव्हतो, म्हणे.
त्यांनी तेवढंच लिहून ठेवलं होतं.

गेल्या बुधवारी साडेतीनला डोळा लागला माझा, मिनिटभर.
उठलो तर रेझाउल कांबळ्याची तार सोडत होता.
एकोणीस वर्षांचं पोर, नोआखालीचं,
वाटलं असेल उस्तादांचं काम हलकं करावं.
माझा हात वर गेला.
कुठून आलं ठाऊक नाही, पण वरच राहिला,
मग खाली येऊन माझ्याच मांडीवर आपटला.
तोंड नाही थांबलं. आईवरून शिवी गेली.
पोरानं मान खाली घातली. त्याची आई चैत्रात गेलीय,
रजा मिळाली नव्हती त्याला.

कागदावर रेघेला तिथे एक दात आलाय.
तो पुसता येत नाही.
तपासायला येणारा साहेब विचारेल, हे काय,
मी खाली सही करीन.

पुन्हा गुंडाळलं आम्ही. पुन्हा वर नेलं,
सहाशे, आणि पुन्हा पहिल्यापासून उतार.
दुपारपर्यंत थांबावं लागणार होतं.
मी माझ्या मोडक्या हिंदीत माफी मागितली.
"कोई बात नहीं उस्ताद," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.
बरोबर आहे. ते एवढ्यात निवायचं नाही.

गावाकडून फजरची बांग आली. धुराड्यांमागे आभाळ राखेसारखं झालं.
मी दुसरी बादली उलटी करून माझ्याशेजारी ठेवली.
बऱ्याच वेळानं तो येऊन बसला,
थोडा लांबच.
"हो गया?" त्यानं विचारलं.
सुई चारशे नव्वदवर होती.
खिशात शेंगदाणे होते, ते मी मध्ये ठेवले.